रितवलीचा कौल

मुंबईच्या फणसवाडीत त्या सकाळी चौघे जण वळकट्या आणि पातेली घेऊन शिरले, आणि कुणी काही विचारायच्या आत नलूच्या अप्पांनी चौघांच्याही गळ्यात हार घातले.

आता यात अप्पांचा तरी काय दोष म्हणा. सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष. उठल्याबसल्या संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नाही. प्रतापगडावर मोर्चा निघायचा होता. वाडीतूनही कुणीतरी निघेलच म्हणून कमलाकांत तळपदे, म्हणजे नलूचे अप्पा, हार आणून तयार. निघालं मात्र कुणीच नव्हतं. आणि तेवढ्यात ही चार धट्टीकट्टी माणसं, अंथरुणासकट.

"नलू, ओवाळायचं ताट आण गं," अप्पांनी वर गॅलरीकडे बघून हाक दिली.

नलू ताट घेऊन खाली आली. शाळेत मुलींना भूगोल शिकवायचा, आई गेल्यापासून घरही सांभाळायचं, आणि वर अप्पांची ही असली हौस पुरवायची... तिने तिघांना ओवाळलं. चौथ्याने मात्र मान मागे घेतली. सावळा, उंच, आणि डोळ्यांत हसू अगदी काठोकाठ.

"बाई, एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "आम्ही सत्याग्रही नाय. आम्ही पळून आलोय."

"पळून? कुणाला भिऊन?"

"देवाला."

नलूला हसू आवरेना. अप्पांचा चेहरा तर असा उतरला, की बघवेना. पण माणूस दिलदार. घातलेला हार काढून कसा घ्यायचा? विहिरीजवळची मोकळी जागा त्यांनी चौघांना देऊन टाकली.

त्याचं नाव लवू परब. काळाचौकीला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. बरोबर दोन गाववाले आणि म्हातारा भिवा. भिवा पूर्वी या वाडीच्या विहिरीचा गाळ काढायला यायचा, म्हणून त्याला जागा ठाऊक. गाव त्यांचं रितवली, मालवणाकडचं. दर चार वर्षांनी तिथला रवळनाथ कौल देतो आणि सगळा गाव घरदार सोडून तीन दिवस शिवेबाहेर उघड्यावर जाऊन राहतो. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांसकट. आणि काळाचौकीच्या खोलीत रवळनाथाचा नारळ ठेवलेला, म्हणजे ती खोलीही देवाचीच, तीही सोडायची, असा भिवाचा निवाडा. त्याच्यापुढे कोण बोलणार?

घरात नळाला चांगलं पाणी असताना नलूला त्या संध्याकाळी विहिरीचं पाणी लागलं. दुसऱ्या दिवशीही लागलं. वाडीतल्या बायका काय आंधळ्या होत्या? पण नलूने तिकडे लक्षच दिलं नाही.

"रितवली म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

"रितं होणारं गाव." लवूने तिच्या हातातला दोर घेतला आणि घागर ओढता ओढता सांगू लागला. "आमचं देऊळ तुम्ही बघायला पाहिजे. चिऱ्याचं आहे, आत फणसाचे खांब. दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाय एवढे. पिढ्यान्‌पिढ्या पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेत. वर्षभर सगळे त्या खांबांना टेकून देवाला गाऱ्हाणी घालतात. माझी गाय हरवली, माझ्या पोराला नोकरी लाव, माझ्या भावाने बांध सरकवला... शेवटी देव म्हणाला, बाबांनो, तीन दिवस मला माझ्या घरात एकटं राहू द्या. म्हणून गाव रितं करायचं."

"आणि परत कधी जायचं?"

"तिसऱ्या दिवशी देवाला विचारतात, येऊ का म्हणून. हो म्हणाला तर परतायचं. नाय म्हणाला तर आणखी दोन दिवस. गावाहून तार येईल, तुमच्याच पत्त्यावर; तसं तारेने कळवलंय. अप्पा हो म्हणालेत. इंग्रजीत असेल, तेव्हा वाचायची तुम्हीच."

"देवाने नाही म्हटलं तर?"

"तर तुम्हाला आणखी दोन दिवस पाणी ओढायचा त्रास नाय."

नलूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घागर भरली होती, तरी ती उभीच राहिली.

"काळाचौकी काही लांब नाही," ती म्हणाली. "नंतरही येता येईल की..."

लवूने दोर गुंडाळून कठड्यावर ठेवला. "लांब नाय. पण कशाला आलो म्हणून सांगू? इथे मला देवाने पाठवलं, म्हणून कुणी विचारत नाय."

खरंच होतं ते. साच्यावरचा लवू आणि तळपद्यांची नलू... एकदा ही वळकटी बांधली, की या दोघांना समोरासमोर आणणारं मुंबईत दुसरं काही नव्हतं. तिने देवाला मनातल्या मनात सांगितलं, नाही म्हण रे बाबा. तुला काय, तुला तर एकटं राहायलाच आवडतं.

देवाने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तार आली. अप्पा बाहेर गेले होते, नलूनेच सही केली. 'कौल मिळाला. परता.' एवढंच. तिने ती दोनदा वाचली. खाली विहिरीपाशी लवूची चूल धुमसत होती, तो ओणवा होऊन फुंकर घालत होता. नलूने तारेची घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली.

फक्त दोन दिवस. कुणाचं काय बिघडणार होतं?

बिघडलं ते भिवाचं. संध्याकाळपर्यंत तार आली नाही, तसा म्हातारा दक्षिणेकडे तोंड करून बसला. त्याने भाकरीला हात लावला नाही. सकाळी चहाही नको म्हणाला. लवू जिना चढून वर आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"भिवाआजो पाणीसुद्धा घेत नाय," तो म्हणाला. तिच्याकडे बघत नव्हता. "म्हणतो, आमच्यातल्याच कुणाचं तरी काही चुकलंय, म्हणून देव गावात घेत नाय."

आपण हे काय करून बसलो? तिने तांदळाचा डबा उघडला, तार काढली आणि तशीच खाली गेली. अप्पा विहिरीच्या कठड्यापाशी भिवाची समजूत घालत उभे होते.

"आजोबा, तार आलीये," ती म्हणाली. "काल दुपारीच आली. देवाने कालच होकार दिला. मी ती लपवून ठेवली."

"लपवून?" अप्पांना कळेचना. "कशासाठी?"

नलूने तार भिवाच्या हातात दिली. भिवाने तार उलटसुलट केली. वाचता येत नव्हती, तरी कपाळाला लावली.

"देवाचो शब्द अडवलंस बाय," तो सावकाश म्हणाला. "ह्याचा गाऱ्हाणा घालूक व्हया. दुसऱ्यान घालून चलना नाय. तूच घालूक व्हया, रितवलीक येवन."

"येईन."

"आणि सांगणार काय त्याला?" अप्पांचा आवाज चढला होता.

नलूने पदर घट्ट धरला. आता मागे फिरायला जागाच नव्हती. "सांगेन, तुझा कौल आला होता, पण मला हा माणूस जायला नको होता."

वाडीतल्या सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं खाली वाकली. लवू पुढे आला. त्याचे डोळे या वेळी हसत नव्हते.

"गाऱ्हाणं एकटीचं नाय," तो म्हणाला. "तारवाला काल जिना चढताना मी बघितला होता. विचारलं असतं तर तार मिळाली असती. मी विचारलंच नाय."

नलूने झटकन वर पाहिलं. म्हणजे कालपासून याला...? आणि हा चुलीत फुंकर घालत बसला होता. तिला रडू यायला लागलं आणि हसूही.

अप्पांनी लवूला आपादमस्तक न्याहाळलं. जात, शिक्षण, गिरणी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकून गेलं. मग ते कठड्यावर बसले.

"सगळा महाराष्ट्र एक करा म्हणून दोन वर्षं ओरडतोय मी," ते शेवटी म्हणाले. "आता काळाचौकीला नाही कुठल्या तोंडाने म्हणू?" आणि जरा थांबून भिवाला म्हणाले, "पण या दोघांना देवापुढे एकत्र उभं करायचं, तर लग्नाशिवाय मी पोरीला पाठवणार नाही. तुमच्याकडचा मुहूर्त कोण काढतो?"

"काढूया," भिवा म्हणाला. "आधी माका कोण तरी भाकरी द्या."

भाकरी नलूने वाढली. ताट लवूने धरलं.