नवरदेवाच्या डोक्यावर घोडा

नंदुरबारच्या मिरची संशोधन केंद्राच्या कॅन्टीनमध्ये पूर्वी टीव्हीवर क्रिकेट लागायचं. हल्ली मिरचीचं पान लागतं. जिवंत पान, आतून. दोन पेशींमधल्या भिंतीत जिथे बारीक दारं असतात, तिथे हिरवे ठिपके लुकलुकतात आणि लोक चहा तसाच धरून ओरडतात, "आलं बघ! दारातच बसलंय!"

डॉ. हेरंब खैरनार पडद्याकडे पाठ करून बसत असे. मग त्याला बघणाऱ्यांचे चेहरे दिसत, आणि ते जास्त वाईट होतं.

ते ठिपके म्हणजे मिरचीवर बोकड्या, म्हणजे पानं आकसवणारा रोग, आणणाऱ्या विषाणूचं एक चिमुकलं प्रथिन. ते पेशीत कुठे बसतं हे सर्वांत आधी हेरंबने सांगितलं होतं: केंद्रकात. त्यासाठी त्याने प्रथिनाला एक चमकणारं दुसरं प्रथिन जोडलं होतं. या जोडणीला सगळे 'कंदील' म्हणत. कंदिलामुळे हेरंबला पुरस्कार मिळाला, शाल मिळाली आणि सासुरवाडीत पहिल्यांदाच खुर्ची मिळाली.

मग त्याच्याच वर्गातल्या तरन्नुम पिंजारीने 'टिकली' काढली. इवलासा रेणू. पानावर फवारला की आत शिरतो, फक्त त्याच प्रथिनाला चिकटतो आणि चमकतो. आणि तो चमकला केंद्रकात नव्हे, भिंतीतल्या दारांत.

"तुझा कंदील त्या बिचाऱ्याच्या पाचपट होता रे," ती भर बैठकीत म्हणाली होती, तेही प्रेमाने. "नवरदेवाच्या डोक्यावर घोडा बसवलास. वरात भलत्याच मांडवात गेली." संचालकांना हसून हसून उचकी लागली होती. हेरंबला ती उचकी अजून ऐकू येई.

आज सकाळी केंद्राची नवी रोपं गावोगाव निघणार होती. हेरंबने त्यातलंच एक तजेलदार रोप उचललं आणि त्यावर टिकली फवारली. निरोगी पानात विषाणूच नाही, म्हणजे चमकायला काही नको. चमकलं, तर टिकली कशालाही चिकटते आणि तरन्नुमचा शोध खोटा.

दारंच्या दारं उजळली. हेरंब एकटाच नाचला. स्टूल पडलं.

त्याने तरन्नुमला बोलावलं. "ये, बघ. निरोगी रोपात दिवाळी!"

तिचा चेहरा उतरला. या चेहऱ्याची त्याने केवढी वाट पाहिली होती! बघून म्हणावं तसं बरं वाटलं नाही, पण वाटलं.

"किंवा रोप निरोगी नसेल," ती हळूच म्हणाली. "लक्षणं दिसायच्या आधीच आत…"

"हो, आता रोपाचा दोष!"

"मग प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढवलेल्या रोपावर फवार. त्याने जन्मात पांढरी माशी पाहिलेली नाही, त्याला लागण कुठून होणार? तूच बघ. तेही चमकलं, तर संध्याकाळी मी स्वतः सगळ्यांना सांगेन, टिकली चुकली." एवढं बोलून ती गेली. त्याच्यावर सोपवून गेली, हे फारच अपमानास्पद होतं.

त्याने बंद बाटली फोडली, फवारलं आणि एका मिरचीच्या पानाला हात जोडले. "चमक गं बाई, एकदाच चमक."

अंधार. दुसरी बाटली, अंधार. तिसरीही.

म्हणजे टिकली बरोबर होती आणि दिवाळी खरी होती. रोपवाटिकेतली रोपं आतून लागण झालेलीच होती. ती शेतांत गेली की पांढरी माशी उरलेलं काम करणार आणि जिल्ह्याची मिरची आकसून जाणार. हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. 'बाटलीतलंही चमकलं' एवढं म्हटलं, की टिकली खोटी, कंदील खरा आणि सासुरवाडीतली खुर्ची जागेवर.

खाली रोपांच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं.

हेरंब खुर्चीचा विचार करत होता. तो पूर्ण होण्याआधीच पाय धावायला लागले, याचा त्याला रागही आला.

फाटकात तो ट्रकसमोर हात पसरून उभा राहिला. "उतरवा सगळं! रोपांत रोग आहे!"

ड्रायव्हर भिकाआबा खाली उतरले. त्यांनी एक रोप हातात फिरवून पाहिलं. कॅन्टीनमधली माणसं चहासकट बाहेर आली होती.

"एका पानाला सुरकुती नाही, साहेब," आबा कौतुकाने म्हणाले. "वरून काहीच दिसत नाही, आणि तरी आतलं शोधून काढलं! कुणी… तुम्हीच ना?"