काऊन-टर-वेट

डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा लिफ्ट-मेकॅनिकचा हात बायकोच्या हनुवटीखालीच होता.

"आता सोडा," डॉक्टर म्हणाले.

त्याला सोडवेना.

ही हात धरायची सवय तिचीच. ती इंग्रजीचे क्लास घ्यायची. एका दुपारी ती दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकली आणि वरच्या दाराच्या फटीतून याचं ग्रीस माखलेलं तोंड डोकावलं.

"घाबरू नका मॅडम. कौंट्रेट शाबूत आहे."

"काय शाबूत आहे?"

"कौंट्रेट हो! लिफ्ट वर गेली की खाली येतं ते वजन."

अडकलेली असूनही ती हसली. "काऊंटरवेट! दोन शब्दांचा सुखाचा संसार चाललाय, तुम्ही पार चेंदा केलात त्याचा."

"मग शिकवा की. सुपरवायझरच्या परीक्षेत तोंडी इंग्रजी असतं. साहेब समोर आले की माझी दातखीळच बसते."

"आधी मला बाहेर तर काढा!"

दुसऱ्या दिवशी तो क्लासला हजर. ती म्हणाली, "हनुवटीखाली हात धरा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल, तितके शब्दाचे तुकडे."

"माझे हात काळे आहेत..."

तिनं स्वतःचाच हात त्याच्या हनुवटीखाली धरला. काऊन — टर — वेट. तीनदा हनुवटी तिच्या तळव्याला टेकली. तिसऱ्यांदा तिनं हात काढायला जरा उशीरच केला.

पुढे तो रोज चुकू लागला.

"मुद्दाम चुकताय."

"ढ आहे मी. शिकवणारीनं हात सोडू नये."

"आयुष्यभर का?" ती बोलून गेली... आणि खिडकीबाहेर बघत बसली.

"चालेल," तो म्हणाला.

लग्न झालं. पण बंद पडलेल्या लिफ्टला ना दिवस कळतो ना सण. ताट वाढलं की फोन वाजायचा.

"परीक्षा द्या हो. सुपरवायझर झालात तर संध्याकाळी घरी दिसाल तरी."

"पुढच्या खेपेला नक्की."

तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हाही तो कुणाच्या तरी लिफ्टखाली होता. धावत आला, तोवर तिची वाचा गेली होती. त्यानं तिच्या हनुवटीखाली हात धरला.

"म्हण बघू. काऊन..."

हनुवटी एकदा खाली आली. पुढे नाही.

परवा साहेबांनी विचारलं, "काय, यंदा तरी बसणार ना?"

तो 'बघू' म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलून कामाला गेला. आता संध्याकाळी घरी यायची घाई नाही.

परीक्षा द्यायची राहिली आहे.