वरच्या पायरीवरचे राजाराणी

"अय्यो! राजाराणीच नाहीत!" सुदीप ओरडला.

म्हैसूरला दसऱ्याची सुट्टी लागली होती. तिथे या सणात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्यांची आरास करतात. गुंडुरावकाकांच्या घरी नव्या, तिचा भाऊ सुदीप आणि शेजारची वर्षिणी पायऱ्यांवर बाहुल्या मांडत होती. सर्वांत वरचा मान लाकडी राजाराणीचा. कुसुमाकाकूला ती जोडी लग्नात आईवडिलांनी दिलेली. इथे लेकीला ती देतातच. पण पेटीत नुसती फडकी!

"असू दे, वर गणपती ठेवा," म्हणत काकू चटकन आत गेली. तिचे भरलेले डोळे नव्याच्या नजरेतून सुटले नाहीत. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं!

संध्याकाळी रोषणाई बघताना एका हॉटेलच्या दारात तिघंही थबकली. काचेच्या कपाटात राजाराणी! राणीच्या अंगावर काकूच्याच शालूचा तुकडा.

"चोरी!" सुदीप कुजबुजला.

"चोरी कसली?" मालक नरसिंहमूर्ती म्हणाले. "गुंडुरावांनीच दिली, हॉटेलातल्या पाहुण्यांना बघायला. बायकोला विचारलंय म्हणाले."

काका वाईट नव्हते. पण विचारणं म्हणजे सांगून टाकणं, अशी त्यांची समजूत. घरी मुलांनी जाब विचारताच त्यांनी हात झटकले. "विचारलं की! ती पूजेत होती, काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती! शिवाय घर माझं, मग सामान कुणाचं?"

"पूजेत मी बोलत नाही," काकू हळूच म्हणाली. "उठून बघते तर पेटी रिकामी. सुम्ने, उगाच कशाला सणात भांडण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जपाला बसले. जपात तेही बोलत नसत. नव्या अदबीने म्हणाली, "काका, तुमची स्कूटर वर्षिणीच्या मामांना देऊ? वरुणा गावाला न्यायचीय."

काकांचे डोळे विस्फारले. माळ भराभर फिरू लागली. "हूं! हूं!"

"नाही म्हणाले नाहीत हं!" सुदीप म्हणाला.

जप संपताच काका अंगणात धावले. स्कूटर गायब! "कुणाला विचारून दिलीत?"

"तुम्हालाच! मौन म्हणजे संमती ना?"

"अरे, पण मला बोलता कुठे येत होतं? आणि वस्तू माझी..." काका मध्येच थांबले. काकूकडे बघून ओशाळले.

वर्षिणीने हसत आपल्या परसातून स्कूटर ढकलत आणली. काका स्कूटरवरून थेट हॉटेलात गेले. त्यांच्याबरोबर राजाराणी घेऊन स्वतः नरसिंहमूर्तीच आले. "बाई, तुमचा होकार नव्हता, हे ठाऊक नव्हतं मला. मुलं हुशार आहेत!"

काका खाकरले. "कुसुमा, आता नीट विचारतो. सणानंतर चार दिवस देऊ या का यांना?"

काकूने विचार केला. "नको."

"बरं," काका म्हणाले.

नव्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! काकूने राणी तिच्या हातात दिली. "शाब्बास पोरी! ठेव वर. मी सांगतेय!"