हिवरटाक खुर्द

एप्रिलातल्या रविवारी भर दुपारी क्रांती जेवणाच्या टेबलावर घड्याळ चार्जिंगला लावून त्यात नकाशे भरत बसली होती. सांगलीतल्या एका शाळेत ती सोळा वर्षं पी.टी. शिकवते. शंभर पोरांना एका शिट्टीवर ओळीत उभी करणारी बाई, पण मनगटावरच्या या यंत्रापुढे तिनं हात टेकले होते. सुट्टी लागली की शाळेतल्या चौघीजणी हिमाचलातल्या स्पितीला पायी हिंडायला निघणार होत्या. तिथं मोबाईलला रेंज नसते, म्हणून वाटा आधीच घड्याळात उतरवून घ्यायच्या. फोनवरच्या ॲपमध्ये नकाशावर बोटानं चौकोन ओढायचा, त्याला नाव द्यायचं आणि वायफायवर तासभर ताटकळत बसायचं. ‘आपल्या प्रदेशाचे अवतरण प्रगतिपथावर आहे,’ असं ॲप सांगत होतं. हे मराठी ज्यानं लिहिलं त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावाव्यात, असं तिला वाटलं.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गाडं अडलं. घड्याळात जागा कमी पडत होती. फक्त नऊ एमबी.

आधीचे तीन चौकोन त्यात होते. एक ‘सांगली’, कारण रोज सकाळी ती कृष्णेच्या काठानं हरिपूरपर्यंत पळते. दुसरा ‘सातारा’, कारण दर पावसाळ्यात ती तिथल्या डोंगरावरच्या शर्यतीला जाते. आणि तिसरा ‘हिवरटाक खुर्द’, अकरा एमबी. हे तिचं माहेर, माण तालुक्यातलं. पन्नास-पंचावन्न घरं, त्याच्या दसपट मेंढरं, आणि निम्मे बाप्ये मुंबईला. ओढ्याच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. पोस्टमनपासून पुढाऱ्यापर्यंत सगळे बुद्रुकवरूनच माघारी फिरणारे. तिथं फोन कसाबसा लागतो पण इंटरनेट नाही, म्हणून माहेरी गेल्यावर माळावर पळायला तिनं तेवढा तुकडा भरून ठेवला होता.

म्हणजे माहेरी जाणं होत होतं तेव्हा. दोन वर्षांपूर्वी तिनं दहिवडीला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. वडलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडायचा आणि बदल्यात काही मागायचं नाही. माहेरचा उंबरा तेवढा आपला राहावा, वर्षातून दोनदा आईच्या हातची भाकरी मिळावी, एवढ्यासाठी आपल्याकडच्या बायका मुकाट सही करतात. तिच्या दोन्ही आत्यांनी केली होती, म्हणून तिनंही पाणी सोडलं. धाकट्या भावानं, उदयसिंहानं, कचेरीच्या दारात डोळे भरून तिला साडी दिली. पहिल्या दिवाळीला बोलावलंही. दुसऱ्या दिवाळीला ‘आमी तुळजापूरला चाललोय’ म्हणाला. मग आईला, मनुबाईला, फोन देणं बंद झालं. ‘झोपलीया ती,’ म्हणायचा. सकाळी दहाला करा नाहीतर संध्याकाळी सहाला, मनुबाई आपली झोपलेलीच.

नऊ एमबीचा खोळंबा चालू असतानाच त्याचा फोन आला.

“आक्का, सुट्टीत येऊ नगंस हां. घर रंगवाय काढलंय.”

“मी वसरीत झोपंन रं. आयेला बघती आन् जाती.”

“आगं लय पसारा हाय. बघू की म्होरं कवातरी.”

त्याच्या मागून, लांबून, आईचा आवाज आला. “कोण हाय रं? क्रांती हाय का?”

आणि फोन कट झाला.

क्रांतीच्या डोक्यात तिडीक गेली. हातात तोच फोन, त्यावर तीच यादी. स्पितीच्या चौकोनाचा एक कोपरा किंचित आत ओढला असता तरी नऊ एमबी सुटले असते, हे तिला चांगलं कळत होतं. तिनं ‘हिवरटाक खुर्द’वर बोट दाबून धरलं. ‘हा प्रदेश कायमचा काढून टाकायचा का?’ असं ॲपनं विचारलं.

“व्हय,” ती मोठ्यानं म्हणाली. “टाक काढून.”

“कुणाशी भांडतेस गं?” आतल्या खोलीतून वीरधवल, तिचा नवरा, ओरडला. दोन मिनिटांत स्पिती पूर्ण भरलं.

राग तिचा कधीच फार टिकत नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं भावाला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाईच्या आवाजात ऐकू आलं. नंबर बदलला असणार. ज्यानं बहिणीला दारात उभं करायचं नाही असं ठरवलंय, त्याला नंबर बदलायला कितीसा वेळ. संध्याकाळी तिनं वीरधवलला सांगितलं, “उदयनं नंबरसुद्धा बदलला.”

“कोण उदय?” तो म्हणाला.

फौजेतून निवृत्त होऊन तो आता हळदीच्या शीतगृहावर सुरक्षा बघतो. मोजकं बोलणारा माणूस. हक्कसोड झाल्यापासून मेहुण्याचं नाव त्यानं टाकलंच होतं, त्यामुळे क्रांतीला तो टोमणाच वाटला.

बुधवारी तिनं फोनवरच्या नकाशात ‘हिवरटाक’ शोधलं. एकच सापडलं. त्यातही तिला नवल वाटलं नाही. खुर्दला कुठल्या नकाशानं कधी विचारलंय? फक्त एक गोष्ट डोळ्याला टोचली. त्या एका गावापुढे ‘बुद्रुक’ लिहिलेलं नव्हतं. नुसतं हिवरटाक.

तिथून पुढे तिचं कशात लक्ष लागेना. आईचा तो प्रश्न कानातून जाईना, आणि आपण त्याला ‘व्हय, मीच हाय’ म्हणू शकलो नाही याची चुटपुट. शनिवारी सकाळची शाळा बुडवून ती विट्याच्या एसटीत बसली. भाऊ दारातून हाकलेल तर हाकलू दे, आईला बघायचंच. विट्यात बस बदलली. पुढे ऊस संपला आणि माळ सुरू झाला. दहिवडीत गावची एसटी उभीच होती.

“एक हिवरटाक खुर्द.”

कंडक्टरनं मशीनवर बोट फिरवलं. “हिवरटाक एवढंच हाय बाई.”

“ते बुद्रुक. मला खुर्दला जायचंय.”

“बुद्रुक-खुर्द काय न्हाई. हिवरटाक हाय एकच. देऊ का?”

नवा माणूस दिसतोय, असं म्हणून तिनं तिकीट घेतलं.

उतरली तेव्हा साडेअकराचं ऊन होतं. थांब्यावरचा पत्र्याचा फलक तिला पाठ होता. रंगाऱ्याला जागा पुरली नव्हती म्हणून ‘बुद्रुक’ हा शब्द कडेला बारीक अक्षरात कोंबलेला, त्यावरून लहानपणी खुर्दातल्या पोरी हसायच्या. आता ‘हिवरटाक’ फलकाच्या बरोबर मधोमध होतं. फलक नवा नव्हता. कडेनं तोच गंज होता, आणि डाव्या कोपऱ्यात कुणीतरी दगड मारून पाडलेला तोच पोचा.

लिंबाखाली केरबा मेंढरं बसवून बसला होता. खुर्दचाच म्हातारा. तिला लहानपणी त्यानं खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता.

“केरबातात्या, ओढ्यावरची फरशी वाहून गेली का? वाट दिसंना.”

त्यानं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघितलं. “कुठं जायचं तुमास्नी?”

“खुर्दात. घरी.”

“वड्यापल्याड?” त्यानं काठी तिकडं केली. “तकडं काय न्हाई ओ बाई. मेंढरं सुदीक जाईत न्हाईत. गवत हाय गुडघ्याएवढं, पर तोंड लावत न्हाईत.”

क्रांती ओढ्यात उतरली. कोरडा पडलेला ओढा, पांढरे गोटे. पलीकडे चढली.

कुसळाचं गवत होतं, बाभळी होत्या. देऊळ नव्हतं. आड नव्हता. पडक्या घराचा पाया असतो, मोडक्या चुलीचे दगड असतात, काहीतरी असतंच. इथं जमिनीला कधी कुणी हातच लावला नव्हता. थांब्यापासून घराच्या दारापर्यंत एक किलोमीटर चारशे मीटर, हे तिला पळून पळून पाठ होतं. थांब्यावरच लावलेलं घड्याळातलं अंतर बघत ती चालत राहिली. आकडा भरला तिथं उभी राहिली. कुसळं सलवारीत रुतत होती. वारा पडलेला, पाखराचाही आवाज नाही.

मग तिला भाकरीचा वास आला. तव्यावर जरा करपलेली बाजरीची भाकरी.

आणि अगदी जवळून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, आवाज आला.

“कोण हाय रं? क्रांती हाय का?”

ती ओरडली. “व्हय! आये, मी हाय!” गोल फिरून तिनं चारी बाजूंना हाका मारल्या. आवाज परत आला नाही. वासही गेला. ओढ्यापलीकडे केरबा उभा राहून तिच्याकडे बघत होता, आणि त्याची सगळी मेंढरंही.

दहिवडीच्या स्टँडवर ती कशी पोचली, तिला आठवत नाही. पाणी प्यायली. मग पी.टी.च्या बाईनं आपल्या स्वभावाप्रमाणे एकेक पायरी मोजली. काढून टाकलं तेव्हापासून नाही. म्हणजे परत भरून बघायचं. हा वेडेपणा आहे हे तिला समजत होतं, पण शहाण्यासारखं करण्याजोगं काही उरलंही नव्हतं. मोबाईलच्या एका दुकानदाराचं वायफाय मागून घेऊन ती स्टुलावर बसली. ॲप उघडलं. ओढ्याच्या पलीकडे, जिथं नकाशा कोरा होता, तिथं बोटानं चौकोन ओढला. नाव द्या, म्हणालं. तिनं ‘हिवरटाक खुर्द’ लिहिलं.

ॲपनं आकार दाखवला. अकरा एमबी.

कोऱ्या माळाला अकरा एमबी कशाला लागतात? तिनं श्वास रोखून ती पट्टी सरकताना बघितली. पूर्ण झाली. खाली एक ओळ उमटली. ‘प्रदेश नव्याने भरला आहे. आपल्या पूर्वीच्या खुणा उपलब्ध नाहीत.’ खुणा म्हणजे तिनं नकाशावर लावलेले ठिपके. आड, देऊळ, आणि घराच्या ओसरीवर लावलेला ‘आई’ असा एक. परत लावू की, तिनं मनाशी म्हटलं.

तीनच्या एसटीला तोच कंडक्टर होता.

“एक हिवरटाक.”

“बुद्रुक का खुर्द?”

क्रांतीला रडू फुटलं. ती रडत-हसतच “खुर्द, खुर्द” म्हणाली. तो तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत तिकीट फाडून देऊन पुढे गेला.

फरशी होती. देऊळ होतं. आडावर रहाट होता. गल्लीतून ती जवळजवळ पळतच गेली. घराला रंगबिंग काही काढलेला नव्हता. ओसरीवर सुपात बाजरी घेऊन आई निवडत बसली होती.

“आये!”

मनुबाईनं मान वर केली. चष्मा सारखा केला.

“कोण पायजे ओ ताई?”

“आये, मी क्रांती.”

“म्हातारीला समदीच आई म्हणत्यात,” मनुबाई हसली. “बसा की. उनाचं आलाय. उदय, बघ रं, कोण पावनं आल्यात.”

उदयसिंह बाहेर आला. त्यानं हात जोडले. स्वतः घोंगडं अंथरलं. “राणी, पाणी आण गं, च्या ठिव,” असं आत बायकोला सांगितलं. इतक्या मायेनं तो गेल्या दोन वर्षांत तिच्याशी बोलला नव्हता.

“शाळंकडनं आलाय का तुमी? का जनगणनेचं?”

“उदय,” ती म्हणाली, “मी तुझी भैन हाय रं.”

तो ओशाळून हसला. “आसती तर बरं झालं आसतं ओ ताई. लय वाटतंया. भाऊबीजंला गावभर पोरी येत्यात, मी आपला नुसता बसून ऱ्हातो. आमाला भैन न्हाई.”

त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती. ती तिला ओळखता आली असती.

तिनं कपाळावरचे केस मागे सारले. भुवईवरचा वण आईपुढे धरला. “ह्यो बघ. मी पाच वर्साची हुती. ह्याच उंबऱ्यावर पडली. तू हळद भरलीस.”

मनुबाईनं अंगठा वणावरून फिरवला. सावकाश, दोनदा. तो खरखरीत अंगठा.

“ह्या उंबऱ्यावर कोण पडलं न्हाई ओ,” ती म्हणाली. “मला योकच. त्याच्या आदी योक पोरगी झालती, ती सवा दिसाची गेली. नाव बी ठिवलं न्हवतं.”

क्रांती चहा प्यायली. काय करणार? कप हातात दिला होता.

ती उठली तसं मनुबाईनं तिला थांबवलं. सवाशीण उन्हातून घरी आलीय, रिकामी कशी जाईल? पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खण-नारळ आणि तांदळानं तिची ओटी भरली. आईचा हात ओढणी सारखी करताना तिच्या खांद्यावर टेकला. क्रांतीनं खाली वाकून पाया पडल्यावर पायांवरचं डोकं उचलायला जरा उशीर केला.

“माहेर कुठलं ओ तुमचं?” मनुबाईनं विचारलं.

ओढ्यापलीकडे थांब्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

“सांगली,” क्रांती म्हणाली.

“हाय का आय?”

“आहे.”

“मग जात जावा की मधनंमधनं,” मनुबाई म्हणाली. “वाट बघत आसंल ती.”