डोळे शेवटी काढायचे

“तू एकटाच कुणाशी बोलतोस रे?”

विचारलं खरं… पण पैजेवर. पेणच्या एसटी स्टँडवर तो मुलगा रोज खांबाला टेकून, ओठ हलवत उभा असायचा. माझ्या मैत्रिणी सीता आणि गिरजा म्हणाल्या, शकू, एवढी शहाणी झालीस ना, मग विचारून दाखव. गेल्या वर्षीची शकू वेणीचं टोक चघळत बसली असती. पण अकरावीत आल्यापासून माझ्या अंगात कसलं वारं शिरलं होतं कोण जाणे — गेले तरातरा.

तो दचकला. केसांतलं पावसाचं पाणी कपाळावर ओघळलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“आतापर्यंत एका खेकड्याशी बोलत होतो,” तो म्हणाला. “आता तुझ्याशी.”

मागे दोघी खिदळल्या आणि तापले मात्र माझे कान.

खेकडा गोष्टीतला होता. जगन त्याचं नाव. दुसऱ्या तुकडीतला, मूळ रोह्याचा, शिक्षणासाठी पेणला मावशीकडे राहणारा. आमच्या कॉलेजातून काही मुलं शनिवारी गावोगावच्या शाळांत लहान मुलांना शिकवायला जायची. त्याच्या वाट्याला जोह्याची पहिली आली होती, आणि मुलं कंटाळू नयेत म्हणून तो गोष्टीची तालीम करत होता.

जोहे माझंच गाव, मी म्हटलं.

“मग बरं झालं,” तो म्हणाला, “रस्ता विचारायला कुणीतरी झालं.” एसटी शाळेच्या दारातच थांबते, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

आमच्या घराला लागूनच गणपतींचा कारखाना. आषाढ लागला की ओटी, पडवी, माजघर, सगळीकडे गणपतीच गणपती. झोपायला जाताना सोंडा चुकवत जायचं. दादा, म्हणजे माझे वडील, साच्यावर, आई रंगावर, जेवणंसुद्धा पुढेमागे. कुणी कुणाशी भांडत नाही की बोलत नाही. लोक म्हणतात, तुमच्या घरी केवढे देव… खरंय. पण शाळेत काय झालं, हे त्यातल्या एकानेही मला कधी विचारलं नाही.

माझ्याकडे काम होतं आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. ते सगळ्यांत शेवटी. हात कापला तर आधीची सगळी मेहनत वाया. दादांनी मला लहानपणीच बजावलं होतं, “ब्रश हातात असंल तवा आपल्या मनातलं डोळ्यांत उतरवायचं नाय गो. देव कायम प्रसन्न दिसला पायजे.” एकदा मी रडत होते, तरी काढलेले डोळे प्रसन्नच आले. दादांनी शाबासकी दिली. का रडत होतीस, ते विचारायचं राहून गेलं.

शनिवारी आईला सांगितलं, गावच्या शाळेतल्या बाईंनी बोलावलंय. अर्धं खोटं, अर्धं… तेही खोटंच. शाळेत गेले तर जगन पहिलीच्या वर्गात जमिनीवर मांडी घालून बसलेला, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, टेबलाखाली, हौसा.

हौसाचे आईबाप खाडीकडच्या मिठागरावरचे. या वर्षी पोरगी शिकावी म्हणून तिला आत्याकडे जोह्यात ठेवलेली. दिवसभर ती एक शब्द बोलायची नाही. सुटायची घंटा झाली, की दाराकडे धावणाऱ्या एखाद्या पोराला कडकडून चावायची. बाईंनी गोडीनं सांगून पाहिलं, धाक घालून पाहिलं. आता पोरांच्या आया तक्रार घेऊन यायला लागल्या होत्या, आणि आत्या म्हणाली होती, आणखी एकदा चावली तर परत खाडीवर धाडीन. तिथे जवळपास शाळा नव्हती.

मला वाटलं, जगन तिला बाहेर ओढेल. तो नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळानं माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “तिला काहीतरी होतंय आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नाही. म्हणून दात.”

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात टोचत राहिलं. शाडूचे उरलेसुरले गोळे घेतले आणि तळहाताएवढे चेहरे केले. रडका, रागावलेला, घाबरलेला, रुसलेला. हौसानं नुसतं बोट दाखवावं, म्हणजे कळेल. सगळा आठवडा त्यात गेला. पुढच्या शनिवारी मोठ्या ऐटीत ते शाळेच्या ओसरीवर मांडले.

जगन वाकून बघू लागला. पहिल्यांदा त्याचा गाल हलला, मग खांदे.

“हा रागावलाय? अगं, हा तर मोदक मागतोय.”

मी पाहिलं… आणि मलाही हसू आवरेना. ओठ वाकडे, भुवया चढलेल्या, पण डोळे? चौघांचेही डोळे आमच्या गणपतीचे. शांत, प्रसन्न, आशीर्वाद देणारे. हाताला दुसरे डोळे माहीतच नव्हते.

हसता हसता तो थांबला. पत्र्यावरून पागोळ्या पडत होत्या. त्यातली एक माझ्या पायावर पडली, तरी मी पाय काढला नाही.

“तुझे पण असेच आहेत,” तो म्हणाला.

“काय?”

“डोळे. कायम हसरे. आत काय चाललंय, ते… मला तरी अजून कळलेलं नाही.”

अजून, म्हणाला. म्हणजे शोधत होता. इतक्या वर्षांत कुणी शोधलं नव्हतं. मी पिशवीतला पांढरा रंग काढला आणि चेहऱ्यांवर एक हात मारला. डोळे पुसून टाकले. मग ते कोरे चेहरे आणि काळ्या रंगात बुडवलेला ब्रश वर्गात नेऊन हौसाच्या टेबलाखाली सरकवले आणि आम्ही दोघं पाठ करून बसलो.

किती वेळ गेला कोण जाणे. ब्रशचा आवाज आला, मग सरपटण्याचा. हौसा बाहेर आली, एक चेहरा घेऊन खिडकीशी गेली आणि तो गजाला टेकवून ठेवला, रस्त्याकडे तोंड करून. मी बाहेर जाऊन पाहिला. दोन मोठे, गोल, रिकामे डोळे. एसटी येते त्या वळणाकडे लागलेले.

घंटा झाली की प्रत्येकाचं कुणीतरी येतं. हौसाला न्यायला कुणी येत नव्हतं. आत्या कामावर. जाणाऱ्या पोराला ती दातांनी धरून ठेवत होती… मला ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

जगननं बाईंशी बोलून घंटेचा दांडा हौसाच्या हाती द्यायला लावला. घंटा तीच वाजवणार, आणि जो घंटा वाजवतो तो सगळ्यांत शेवटी निघतो. आठवडाभर तिला बाई सोडतील, शनिवारी आम्ही. पहिल्यांदा आम्ही तिला घरी सोडायला निघालो, तेव्हा ती मधे, तिचा एक हात त्याच्या हातात, एक माझ्या. चिखलात तिची चप्पल रुतली. तिनं वर बघून माझ्याशी पहिला शब्द काढला, “थांब.”

ती चावायची थांबली. आत्यानं तिला खाडीवर धाडायचं नाव पुन्हा काढलं नाही. आणि माझे शनिवार… एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत मी श्वास धरून राहायला लागले.

मग एके दिवशी जगन ओसरीवर नुसताच उभा. रोह्याच्या पुढे नवी रेल्वे लाइन गेली होती, रेल्वेत असलेल्या त्याच्या बाबांना तिकडे पाठवलं होतं. घरी आई आणि तान्ही बहीण दोघीच. त्याला परत जायचं होतं, कॉलेजही आता तिकडेच.

रोहा काही लांब नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, नाही, लांब नाही. पण दोघांच्या मधे जणू समुद्र होता.

“एक चेहरा नेऊ?” त्यानं विचारलं. “पण डोळे तू काढ. प्रसन्न नकोत.”

ब्रश घेतला. हात कापला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो कापू दिला. एक डोळा थोडा मोठा झाला, दुसऱ्याची कड ओघळली. जगननं पाहिलं… आधी त्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे.

“कळलं,” तो म्हणाला. “माझेही असेच आहेत.”

एवढंच. एसटी आली, त्यानं चेहरा रुमालात गुंडाळून छातीशी धरला, आणि वळणावरून गाडी दिसेनाशी झाली. त्या दिवशी हौसाला मी एकटीनं सोडलं. तिनं आपल्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि म्हणाली, “तू येशील ना गो?”

गणपती अगदी तोंडावर आले होते. शुक्रवारी रात्री दादांनी माझ्यापुढे रंगाची वाटी ठेवली. ओटीभर मूर्ती डोळ्यांची वाट बघत होत्या. म्हणाले, उद्या पहाटेपासून बस, दुपारी गाडी भरायची हाय. आई साडीला हात पुसत दारात उभी होती.

मी वाटी बाजूला ठेवली.

“दादा, आई, आता बसते आणि होतील तेवढे डोळे काढते. पण उद्या सकाळी मी नाय. मी शाळेत चाललेय, हौसा घंटा वाजवून माझी वाट बघंल. दर शनिवारी जाणार. आणि बारावी झाली की डी.एड. करून मी पहिलीची बाई होणार.”