हरवलेला कंस

मंगळवारी सकाळी सहाला लेमिंग्टनजवळ हार्व डाइकच्या काचघरातले हीटर बंद झाले. बाहेर उणे चौदा तापमान होतं. आठपर्यंत टोमॅटोची सगळी रोपं काळी पडली.

दुपारी कोरीन लाबूट खासगी तपासनीस ओडेट ग्रेनोंच्या कचेरीत आल्या. हीटर चालवणारा जुना प्रोग्राम लाबूट यांच्याच कंपनीने भाषांतर करणाऱ्या यंत्राकरवी नव्या संगणक-भाषेत आणून दिला होता.

"एक कंस गायब आहे," लाबूट म्हणाल्या. "हवं ते तापमान, वजा, कंसात सेन्सरचा आकडा वजा सेन्सरची चूक, असं हवं होतं. कंस गेला आणि हीटरला कडाक्याच्या थंडीत उकडायला लागलं. शेवटचा हात टिल्डा वीबचा, चाचण्या तीच घेते. मी तिला घरी बसवलंय. पुरावा द्या, म्हणजे कायमची काढते."

ओडेटचा सहकारी वॉल्टर प्राइन निवृत्त पोलीस होता. गाड्या चोरणारे त्याने पुष्कळ पकडले होते. कंस चोरणारा त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

टिल्डाने त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं.

"मी कशाला काढू? हार्व माझा मावसभाऊ. रविवारी चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसायचंय मला."

"चाचणी कशी घेता?" ओडेटने विचारलं.

"लोकांनी लिहिलेले हजारो प्रोग्राम आहेत. यंत्र एकेकाचं झाड करतं, कुठलं गणित कुणाच्या पोटात आहे ते दाखवणारं. झाडावरून मजकूर परत छापायचा, त्याचं पुन्हा झाड करायचं. दोन्ही झाडं जुळली की पास. एकही नापास नाही."

"सुरुवात दर वेळी मजकुरापासून?"

"मग दुसरी कशापासून करणार?"

यंत्राचा झाडावरून मजकूर छापणारा भाग नील एकिन्सने लिहिला होता. तो आधीच चिडलेला होता.

"मी कंस गाळत नाही. माणसाने कंस दिला की झाडात त्याची खूण राहते. खूण दिसली की छापतो. उगाच कंसांचा पसारा कुणाला हवाय?"

"मधे झाड बदलतं कोण?"

"यंत्र. एकदाच वापरलेलं नाव उडवतं आणि तिथे त्याचं सूत्र बसवतं."

बाहेर आल्यावर वॉल्टर म्हणाला, "मग काढला कुणी? मला तर दोघंही खरी वाटतात."

"तू जुन्या प्रोग्राममध्ये कंस शोध."

वॉल्टरने शोधला. दोन साध्या ओळी होत्या. खरं तापमान म्हणजे सेन्सरचा आकडा वजा चूक. गरज म्हणजे हवं ते तापमान वजा खरं तापमान.

"इथे कंसच नाही," तो म्हणाला. जे कधी नव्हतंच ते चोरीला कसं गेलं, हे त्याला कळेना.

शुक्रवारी लाबूटच्या खोलीत सगळे जमले.

"कंस कुणीच काढला नाही," ओडेट म्हणाली. "दोन ओळी होत्या तोवर त्याची गरजच नव्हती. यंत्राने पहिली ओळ दुसरीच्या पोटात बसवली. झाड बरोबरच होतं. पण ते कागदावर उतरवताना आता कंस लागणार होता. नील माणसाने केलेली खूण शोधतो. हा कंस माणसाने दिलाच नव्हता, मग खूण कुठून असणार?"

"पण चाचण्या?" लाबूट म्हणाल्या.

"त्यातली सगळी झाडं माणसांच्या मजकुरातून आलेली. माणूस लागेल तिथे कंस देतोच. यंत्राने स्वतः घडवलेलं झाड टिल्डाने एकदाही छापून पाहिलं नाही."

नील खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हणजे माझंही चुकलं," टिल्डा म्हणाली.

"हो. पण तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत."

लाबूट टिल्डाकडे वळल्या. "तुम्ही सोमवारपासून या. हार्वना वकील कळवतील."

"वकील नको," टिल्डा म्हणाली. "मीच सांगते."

शनिवारी दुपारी वॉल्टर काचघरांवरून जात होता. टिल्डाची गाडी हार्वच्या अंगणात उभी होती. इंजिन बंद होतं, काचांवर आतून वाफ धरली होती. ती अजून खाली उतरली नव्हती.