भट्टीवरची हजेरी

बसा. दारातून हाक मारली तुमी, आतून "या" म्हनून आवाज आला, मंग आलात. तेवढं ध्यानात ठेवा. घाबरू नका, मी चावत नाय. दातच कुठं ऱ्हायलेत.

मागल्या जुम्म्याची दुपार. खिचडी-खट्टा खाऊन तोंडात पान कोंबलं, तर नात मुबश्शिरा तिचा कंप्युटरवरचा खेळ घेऊन बसली. त्यात सात बुटकी मानसं डोंगर पोखरून गाव वसवत्यात. लई खाली लाव्हारस. त्याच्या आगीवर लोहाराच्या भट्ट्या चालवायच्या, कोळसा लागत नाय.

"नाना, तुम्ही चितेगावला भट्टीवर होता ना? सांगा, लाव्हा पंपानं वर आणू, का भट्ट्या खालीच बांधू?"

"रस हलवू नको बेटी. मानसं हलव. ती गुमान चालत येत्यात."

हसली. लाव्हारसाशेजारी खड्डा खणला, वर भट्ट्या मांडल्या. बुटक्यांना घरच्यांची नावं दिलेली. सगळ्यात आळशी त्याचं नाव नाना.

"आता लाव्हाचं फाटक उघडते."

"थांब. आधी हजेरी घे."

कारखान्यात आमची रीतच व्हती. धुरात काय दिसायचं नाय. म्हनून साच्यात लोखंडाचा रस ओतायच्या आधी मुकादम एकेकाचं नाव घ्यायचा. साच्याच्या खड्ड्यातनं वर आलेला मानूस "हाय" म्हनायचा. सगळ्यांचं "हाय" आलं, की ओतायचं.

ती नावं वाचू लागली. अम्मार. अदीबा. अमिना. मी ज्याच्या त्याच्या आवाजात "हाय" म्हनायचो, ती खिदळायची. नकला करनं माझी जुनी खोड. सात झाली.

"सरफराज."

तोंडातलं पान तसंच ऱ्हायलं.

"हे नाव तू दिलं?"

"नाही... सातच होते. हा कधी आला? नाना, हा खाली खड्ड्यात उभाय. हलतच नाही."

आजवर कोनाला सांगितलं नाय, तुमाला सांगतो. सरफराज माझा जोडीदार. बत्तीस वर्सं झाली. मुकादमानं त्याचं नाव घेतलं, मला वाटलं गेला असंल बिडी प्यायला. गंमत म्हनून त्याच्या आवाजात मीच "हाय" म्हनलो. रस सुटला. तो खड्ड्यातच व्हता, साच्याची माती झाडत.

खोलीत वास आला. जळक्या मातीचा. पंखा चालू, तरी पाठीमागची भिंत तापली.

पोरीचं बोट फाटकाच्या बटनावर. तिनं परत विचारलं, "सरफराज...?"

मला "थांब" म्हनायचं व्हतं. जबडा उघडंना. आनि माझ्या पाठीमागून, माझ्याच आवाजात, कोनीतरी म्हनलं...

"हाय."

तिला वाटलं मीच. तिनं बटन दाबलं.

लाल रस खड्ड्यात भरत गेला.

"सरफराज वाचला नाना. वर भट्टीपाशी उभाय. मग खाली कोण गेलं?" तिनं यादी वाचली. सात नावं. नाना नव्हता.

तवापासून खोड्या बंद केल्यात म्या. हाकेला ओ द्यायचीबी घाई करत नाय. माझ्याआधी कोनीतरी देतं.

मघाशी तुमी हाक मारली, तवा माझं तोंड पानानं भरलेलं व्हतं. घरात दुसरं कोनी नाय. तुमाला "या" म्हनलं त्याचा आवाज... माझ्यावानीच व्हता का, तेवढं सांगा.